फ्रामरोझ दावर : क्रीडावार्ताहर आणि जगप्रवासी

आमच्या शाळेच्या आवारात प्रार्थनेच्या घंटेपूर्वी सायकलींची जी रांग लागते, ती पालकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. भिंगारहून, केडगावहून, सावेडीहून मुले येतात. कोणाची सायकल नवी कोरी, तर कोणाची थोरल्या भावाकडून वारशाने आलेली. घंटा होऊन गेल्यावर जो विद्यार्थी घामाघूम होऊन सायकल हातांनी ढकलीत फाटकातून आत येतो, त्याच्याकडे एक कारण ठरलेले असते. ते कारण म्हणजे बाभळीचा काटा. नगरच्या माळावर बाभूळ उदंड असल्यामुळे हे कारण खोटे ठरविणे शिक्षकांस कठीण जाते, हे मुलांस चांगले ठाऊक आहे.

ह्या अंकासाठी कोणाचे चरित्र द्यावे असा विचार चालला असता आम्हांस वाटले की, संत, सेनापती व शास्त्रज्ञ ह्यांची चरित्रे आपल्या वाचकांनी पुष्कळ वाचली आहेत. तेव्हा ह्या खेपेस ज्याने असले काटे सात वर्षे काढले, अशा एका सायकलस्वाराची हकीकत सांगावी. त्यांचे नाव फ्रामरोझ जे. दावर. ते मुंबईचे पारशी गृहस्थ, व्यवसायाने क्रीडावार्ताहर. इसवी सन 1924 च्या जानेवारीत ते सायकलवर बसून मुंबईहून निघाले आणि 1931 साली त्यांचा प्रवास संपला. तेवढ्या अवधीत त्यांनी पाच खंडांतील 52 देश पाहिले व सुमारे 1,10,000 किलोमीटर अंतर काटले. हा आकडा नुसता वाचून मनात ठसत नाही, म्हणून थोडे गणित करून पाहू. नगरहून मुंबई साधारण अडीचशे किलोमीटर. ह्या हिशेबाने दावर ह्यांनी नगर ते मुंबई अशा चारशेहून अधिक खेपा केल्या असे होते. पृथ्वीचा विषुववृत्तावरील घेर सुमारे 40,000 किलोमीटर आहे. म्हणजे तिला अडीच प्रदक्षिणा घालूनही काही अंतर उरतेच.

परंतु केवळ अंतर मोठे म्हणून आम्ही हे चरित्र निवडलेले नाही. दुसऱ्यांच्या पराक्रमाची बातमी लिहिणारा मनुष्य स्वतः मैदानात उतरला, ही ह्यातील खरी गोष्ट आहे, आणि तिच्याचसाठी आम्ही ही चार पाने खर्ची घालीत आहोत.

क्रीडावार्ताहर म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावे लागत नाही. वर्तमानपत्राचे शेवटचे पान ती सर्वांत आधी उघडतात. परंतु शंभर वर्षांपूर्वी हा व्यवसाय आपल्या देशात नवाच होता, आणि तो मुंबईत रुजला ह्यास कारण आहे. मुंबईच्या पारशी तरुणांनी 1848 साली ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापिला. 1886 व 1888 ह्या साली त्यांचे संघ विलायतेस जाऊन खेळून आले. आणि 1890 च्या जानेवारीत त्यांनी व्हर्नन ह्यांच्या इंग्रज संघाचा मुंबईतच पराभव केला. पुढे हिंदूंचा व मुसलमानांचा संघ सामन्यांत आला आणि 1912 पासून चौरंगी सामने सुरू झाले. त्या सामन्यांच्या दिवसांत मुंबईतील कचेऱ्या ओस पडत. पाळवणकर बाळू ह्यांच्या गोलंदाजीची चर्चा चाळीचाळींतून होई. जेथे खेळ इतका प्रिय, तेथे त्याची बातमी लिहिणारा मनुष्यही लागणारच. मुंबईत इंग्रजी व गुजराती पत्रे जुनी होती. मुंबई समाचार 1822 पासून व जामे जमशेद 1832 पासून चालू होते. त्यांच्या रकान्यांत हळूहळू खेळांस जागा मिळू लागली.

ह्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य आहे, आणि थोडे दुःखही आहे. वार्ताहर छायेत बसतो आणि उन्हात धावणाऱ्याविषयी लिहितो. कोण दमला, कोण कचरला, कोणी ऐन वेळी हात आखडता घेतला, हे तो दुसऱ्या दिवशी हजारो लोकांस सांगतो; त्याला मात्र कोणी विचारीत नाही की, तुमची छाती किती? प्रामाणिक वार्ताहराच्या मनात हा प्रश्न केव्हातरी उभा राहात असला पाहिजे, असे आम्हांस वाटते. दावर ह्यांनी त्याचे जे उत्तर दिले, ते देण्याची बहुतेकांवर पाळी येत नाही.

आता सायकलीविषयी दोन शब्द. मागचेपुढचे चाक सारखे आणि साखळीने फिरणारे, अशी जी सायकल आपण वापरतो, तिचा नमुना इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली ह्यांनी 1885 साली बाजारात आणिला. हवा भरलेली रबरी धाव डनलॉप ह्यांनी 1888 साली काढिली. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे मोठे चाक आणि मागे एक लहानसे चाक, असे विचित्र वाहन होते. त्याच्यावरून पडणे म्हणजे झाडावरून पडण्यासारखेच. तरीही त्याच वाहनावर टॉमस स्टीव्हन्स नावाचा एक मनुष्य 1884 च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला व 1886 च्या डिसेंबरात जपानातील योकोहामा येथे पोहोचला. सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला. वाटेत तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या देशातूनही गेला. स्टीव्हन्स वाटेतून एका मासिकास आपल्या प्रवासाची पत्रे धाडी, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सायकल आणि लेखणी ह्यांची सोबत अशी अगदी आरंभापासूनची आहे.

हिंदुस्थानातून मात्र असा कोणी निघाला नव्हता. 1920 साली युरोपातून पायी चालत आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे मुंबईच्या ओव्हल मैदानावर व्याख्यान झाले. ते ऐकून बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबातील काही पारशी तरुणांच्या डोक्यात जगप्रवासाचे वारे शिरले. तीन वर्षे तयारी करून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा जण सायकलींवर निघाले : आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला व नरिमान कापडिया. सर्व विशी उलटलेले आणि वजने उचलून अंग कसलेले.

ह्या सहांची हकीकत थोडक्यात पुरी करितो, कारण तिच्यावाचून दावर ह्यांच्या धाडसाचे मोल कळणार नाही. पंजाब व बलुचिस्तानावरून ते इराणात गेले. तेहरानहून कापडिया घरी परतले. उरलेले पाच जण इराक, सिरिया, सिनाईचे वाळवंट आणि युरोप पालथा घालून अमेरिकेस पोहोचले. तेथे हाथीराम ह्यांनी कायमचे राहावयाचे ठरविले आणि पोचखानवाला मायदेशी परतले. राहिलेले तिघे जपान, कोरिया, चीन, हिंदीचीन, सयाम व ब्रह्मदेश ह्या मार्गाने 18 मार्च 1928 रोजी मुंबईस आले. एकूण अंतर सुमारे 71,000 किलोमीटर, म्हणजे 44,000 मैल. सहा निघाले, तीन परतले. जे मागे राहिले त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. तेहरानपर्यंत सायकलवर जाणे हेदेखील आपल्यापैकी किती जणांस साधेल, ह्याची आम्हांस शंकाच आहे. सांगावयाचे एवढेच की, एकमेकांस धीर देणारे सहा मित्र असूनही तो प्रवास निम्म्यांस पुरा करता आला नाही.

दावर निघाले ते ह्या सहांच्या पाठोपाठ तीन महिन्यांनी, आणि एकटे.

एकटे ह्या शब्दावर वाचकांनी क्षणभर थांबावे. रात्री अनोळखी गावी मुक्काम पडला असता सायकलीवर व सामानावर लक्ष ठेवावयास दुसरा मनुष्य नाही. ताप आला तर पाणी द्यावयास कोणी नाही. रस्ता चुकला तर चूक आपली, आणि ती निस्तरावयाची आपणच. चौघांत बसून आपली फजिती सांगितली की निम्मे दुःख हलके होते. तीही सोय नाही. त्या काळची सायकल जड पोलादी, सामानासह चढणीवर ढकलताना ती पायांपेक्षा खांद्यांचाच अधिक अंत पाही. पक्के रस्ते मोठ्या शहरांच्या आसपास तेवढे होते. महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती, तरी सरहद्दीसरहद्दीवर कागदपत्रांची झडती होई. हिंदी मनुष्य ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन म्हणून कोठे त्यास मान मिळे, तर कोठे त्याच कारणास्तव संशय येई. अशा स्थितीत दावर ह्यांनी नऊ महिन्यांत सुमारे 5,000 किलोमीटर मजल मारली आणि ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे पोहोचले.

व्हिएन्ना शहरात त्यांस गुस्टाव स्ताव्यानिक भेटले. हेही सायकलस्वार. ह्यांनी दावर ह्यांच्याबरोबर निघण्याचे ठरविले आणि तेथून पुढे प्रवास संपेपर्यंत दोघे बरोबर राहिले. ही भेट आमच्या नगरकर वाचकांस विशेष अर्थपूर्ण वाटेल. का, ते सांगतो.

पहिले महायुद्ध 1914 साली पेटले तेव्हा हिंदुस्थानात असलेले जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक सरकारने शत्रुराष्ट्रांचे म्हणून पकडिले आणि त्यांपैकी पुष्कळांस आमच्या ह्या नगरच्या छावणीतील बंदिवासात आणून ठेविले. व्यापारी होते, खलाशी होते, मिशनरीही होते. तारेच्या कुंपणाआड त्यांची वर्षांमागून वर्षे गेली. युद्ध संपल्यावर 1919–20 च्या सुमारास ती माणसे येथून गेली. ज्या देशाचे लोक नगरच्या मातीत कैदी म्हणून राहिले, त्याच देशाच्या राजधानीत अवघ्या चार वर्षांनी मुंबईचा एक वार्ताहर येतो, आणि तेथील एक मनुष्य त्याच्याबरोबर जगाच्या टोकापर्यंत जावयास सिद्ध होतो. युद्धाने मोठमोठी साम्राज्ये मोडली. ऑस्ट्रियाचे तर तुकडे तुकडे झाले होते आणि तेथील नाण्याची किंमत मातीमोल झाली होती. तरीही दोन परक्या तरुणांचा एकमेकांवरील विश्वास कोणत्या तहनाम्यावाचून जुळला.

(जाता जाता सांगतो : दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, 1939 साली, हाइनरिख हारर नावाचा आणखी एक धाडसी ऑस्ट्रियन नगरच्याच छावणीत काही काळ बंदिवान होता. तो गिर्यारोहक पुढे डेहराडूनच्या छावणीतून 1944 साली निसटला व तिबेटात सात वर्षे राहिला. ऑस्ट्रिया, नगर आणि सात वर्षे ह्यांचा काही योग असावा की काय, कोण जाणे!)

सहप्रवासी निवडणे हे लग्न ठरविण्याइतकेच नाजूक काम आहे, असे प्रवास केलेले लोक सांगतात. दिवसभर श्रम, अर्धपोटी जेवण, भाषा निराळी, धर्म निराळा, सवयी निराळ्या. अशा वेळी क्षुल्लक कारणावरून भांडण उपस्थित होते. तंबूची दोरी कोणी बांधावयाची आणि राहिलेला पावाचा तुकडा कोणी घ्यावयाचा, ह्यावरूनही मने फाटतात. शाळेच्या सहलीत एका दिवसात किती रुसवेफुगवे होतात ते आम्ही पाहातो. ह्या दोघांनी ते वर्षानुवर्षे निभावून नेले. वाळवंट आणि अरण्य ओलांडणे हे पराक्रम मोठे खरेच. परंतु सोबत टिकविणे हा पराक्रम त्यांहून धाकटा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

आल्प्स पर्वतात दावर ह्यांच्यावर मोठे संकट गुदरले. पायांखालचा बर्फ ढासळला आणि ते खाली घसरत गेले. दैव बलवत्तर म्हणून जीव वाचला. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या मनुष्यास बर्फाचा स्वभाव कोठून ठाऊक असणार? वरून कठीण दिसणारा थर आतून पोकळ असू शकतो, हे तेथे जन्मलेला गुराखीही जाणतो. परक्याला ते पडूनच शिकावे लागते.

ह्यानंतर आफ्रिका. सहारा म्हणजे वाळूचा समुद्र अशी आपली कल्पना असते. वस्तुतः त्या वाळवंटाचा सुमारे चतुर्थांश भागच वाळूच्या टेकड्यांचा आहे. बाकी खडकाळ पठारे आणि गोट्यांची मैदाने. क्षेत्रफळ सुमारे 90 लाख चौरस किलोमीटर. आमचा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा, तरी त्याच्यासारखे पाचशे जिल्हे सहाऱ्यात सामावून वर जागा उरेल. ह्या वाळवंटातून मोटारगाडी पहिल्याने पार गेली ती 1922 च्या डिसेंबरात. सित्रोएन कारखान्याच्या पाच गाड्या, मागील चाकांऐवजी रबरी पट्टे बसविलेल्या, तुगुर्तहून निघाल्या व सुमारे तीन आठवड्यांनी टिंबक्टूस पोहोचल्या. साऱ्या युरोपात त्याचा गाजावाजा झाला. ज्या वाटेवर यंत्राची ही कथा, तेथे थोड्याच वर्षांत हे दोघे पायांच्या बळावर जावयास निघाले.

वाळूत सायकल चालत नाही. तिला ओढावी लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी सीना नदीच्या कोरड्या पात्रात हा प्रयोग करून पाहावा, म्हणजे शंभर पावलांतच सहाऱ्याची कल्पना येईल. खडकाळ भागात चाके फिरतात खरी, परंतु धावा फाटतात. आणि काटा तेथेही सुटत नाही. सहाऱ्याच्या कोरड्या नद्यांच्या काठी जी तुरळक झाडे तग धरून असतात, ती बहुधा आपल्या बाभळीचीच भावंडे आहेत. आतली नळी अगदीच कामातून गेली आणि दुसरी नसली, तर धावेत वाळके गवत कोंबून सायकल पुढे रेटावयाची, ही त्या काळच्या लांबच्या प्रवाशांची शेवटची युक्ती. अशी सायकल कशी चालत असेल, हे सांगण्यापेक्षा कल्पिलेलेच बरे.

खरा प्रश्न पाण्याचा. दोन विहिरींमध्ये कित्येक दिवसांची वाट असते, आणि सायकलीवर पाणी लादावयाचे तरी किती? अधिक घ्यावे तर चाके वाळूत रुततात, कमी घ्यावे तर घसा सुकतो. दिवसा दगड हातात धरवत नाही आणि रात्री थंडीने दात वाजतात. वाळूचे वादळ उठले म्हणजे समोरचा सोबतीही दिसेनासा होतो. ह्या सगळ्यात भर म्हणून आफ्रिकेत दावर ह्यांस हिवतापाने गाठले. आजचे वाचक हिवतापास फारसे भीत नाहीत. परंतु त्या काळी कोयनेलावाचून त्यावर खात्रीचा उपाय नव्हता, आणि जेथे वैद्य नाही व रस्ता नाही, तेथे थंडी वाजून येऊन पडणे म्हणजे काय, ह्याचा विचार करावा. येथे मात्र सोबतीचा उपयोग झाला असेल. मुंबईहून निघताना ते एकटे होते. हा ताप त्यांस त्या पहिल्या नऊ महिन्यांत आला असता, तर आज हे चरित्र लिहावयास आम्हांस मिळाले असते की नाही, कोण सांगू शकेल?

आफ्रिकेच्या पलीकडे अटलांटिक महासागर आणि त्याच्या पैलतीरी दक्षिण अमेरिका. तेथे दोन गोष्टी त्यांच्या वाट्यास आल्या : अँडीजची उंची आणि ॲमेझॉनचे अरण्य. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. त्याची उंची 1,646 मीटर. आमचे विद्यार्थी ते चढून आले की आठवडाभर पाय दाखवीत फिरतात. अँडीजमधील बोलिव्हियाचे पठार, जेथे माणसे शेती करितात, मेंढरे राखितात आणि शहरे वसवून राहतात, ते कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच आहे. त्या उंचीवर हवा विरळ असते. सपाटीवरचा मनुष्य तेथे चार पावले चालला की धापा टाकू लागतो, डोके ठणकते, अन्न नकोसे होते. मैदानात पट्टीचा ठरलेला पहिलवानदेखील तेथे आजारी पडतो आणि तेथील लहान पोर ओझे घेऊन त्याच्या पुढे निघून जाते. आपले बळ हे आपल्या हवेतले बळ असते, हे अशा ठिकाणी कळते.

अँडीजच्या पूर्वेकडे उतरले की ॲमेझॉनचे खोरे लागते. सहाऱ्यात पाण्याचा थेंब नाही; येथे पाण्यावाचून दुसरे काही नाही. ॲमेझॉन नदी सुमारे 6,400 किलोमीटर लांब. तिच्या उपनद्यांपैकी कित्येक आपल्या गोदावरीहून मोठ्या आहेत. त्या काळी ह्या अरण्यात रस्ता म्हणजे नदी आणि वाहन म्हणजे होडी. सायकल घेऊन तेथे शिरणे हे वरवर पाहता वेडेपणाचेच. झाडोरा तोडीत वाट काढावयाची, चिखलातून सायकल खांद्यावर घ्यावयाची, पात्र आले की तराफा शोधावयाचा, रात्री डासांच्या घोंगावण्यात पडून राहावयाचे. मिळेल ती शिकार, मिळेल तो मासा, रानातील कवचीची फळे, हेच अन्न. त्या खोऱ्याने त्या वर्षांत भल्याभल्यांस गिळले होते. कर्नल पर्सी फॉसेट हा अनुभवी इंग्रज संशोधक 1925 साली आपला मुलगा व त्याचा मित्र ह्यांच्यासह ब्राझीलच्या अरण्यात शिरला, तो पुन्हा कोणास दिसला नाही. त्याच्या शोधार्थ गेलेल्यांच्याही बातम्या वर्तमानपत्रांतून येत. दावर हे स्वतः वर्तमानपत्रवाले. कोणती बातमी कशी छापिली जाते, आणि आपले काही बरेवाईट झाले तर ती किती ओळींत आटपेल, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

महिनोन्महिने त्या अरण्यात काढून दोघे जिवंत बाहेर आले.

1931 साली प्रवास संपला. ज्या वर्षी दावर निघाले, त्या वर्षी गांधीजी येरवड्याच्या कारागृहातून सुटले होते. ते परतले त्या वर्षी दांडीयात्रा व मिठाचा सत्याग्रह होऊन गेलेले होते. सात वर्षांत देश केवढा पालटला! जे चेंडूफळीचे सामने सोडून ते गेले, त्यांतील खेळाडूही पालटले होते, आणि पुढच्याच वर्षी, 1932 साली, हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळणार होता. छायेत बसून लिहिणाऱ्यांस त्या सात वर्षांत लिहावयास पुष्कळ सापडले. दावर ह्यांचे ते सर्व हुकले. त्याबद्दल त्यांस खेद वाटला असेल की नाही, ह्याविषयी आम्हां शिक्षकांत दुमत आहे. एका सहकाऱ्यांचे म्हणणे, ज्याने ॲमेझॉन पाहिली त्यास सामना हुकल्याचे काय? दुसरे म्हणतात, वार्ताहराला हुकलेली बातमी मरेपर्यंत सलते. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण बातमीदाराची जात आम्ही थोडीफार ओळखतो.

वार्ताहर तो वार्ताहरच. प्रवासाचे त्यांनी पुस्तक केले, आणि एक नव्हे, तीन, तीही इंग्रजीत. जगाच्या माथ्यावरून सायकलप्रवास ह्या अर्थाच्या नावाचे पहिले पुस्तक 1929 साली, म्हणजे प्रवास संपण्यापूर्वीच प्रसिद्ध झाले. सहाऱ्यावरचे 1937 साली. ॲमेझॉनविषयीचे, त्या खोऱ्याचे वास्तव आणि अद्भुत दोन्ही नावातच सांगणारे, 1960 साली. ह्या सालांकडे थोडे लक्ष द्यावे. पहिले पुस्तक रस्त्यावरच्या मनुष्याचे आहे. दुसऱ्यास सहा वर्षे लागली. तिसरे आले ते परतल्यावर एकोणतीस वर्षांनी. तोपर्यंत आणखी एक महायुद्ध होऊन गेले होते, देश स्वतंत्र झाला होता, साहारावरून विमाने जाऊ लागली होती, आणि ज्या राज्याची राजधानी मुंबई, ते महाराष्ट्र राज्य त्याच 1960 साली स्थापन झाले. इतक्या उलथापालथीनंतरही त्या अरण्याविषयी सांगावयाचे त्यांच्याजवळ शिल्लक होते.

त्यांच्यामागून आणखी तिघे पारशी तरुण, केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ, 1933 साली मुंबईहून सायकलींवर निघाले आणि सुमारे 84,000 किलोमीटर फिरून 1942 च्या जानेवारीत परत आले, ते महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. ह्या तीनही प्रवासांची त्या त्या वेळी वर्तमानपत्रांतून वाहवा झाली. मग लोक विसरले. अलीकडे काही अभ्यासकांनी जुनी पुस्तके व छायाचित्रे धुंडाळून ह्या सर्वांची नावे पुन्हा उजेडात आणिली आहेत. तरीही शर्यतीत पदक मिळविणाऱ्याचे नाव मुलांच्या तोंडी असते आणि दावर हे नाव ह्या लेखापूर्वी आमच्या वरच्या वर्गांतही कोणास ठाऊक नव्हते. आम्ही विचारून पाहिले. त्यांच्या प्रवासात घड्याळ लावून उभा असलेला पंच नव्हता, प्रेक्षक नव्हते, आणि शेवटच्या रेषेवर फीत धरलेली नव्हती. सामन्याचा धावफलक कसा लिहावा हे ज्यास उत्तम माहीत होते, त्यानेच असा खेळ निवडला की ज्याचा धावफलक होत नाही.

लेख लिहून झाल्यावर आम्ही तो नववीच्या वर्गात वाचून दाखविला. शांतपणे ऐकून घेतल्यावर मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला : सात वर्षांत त्यांची सायकल किती वेळा पंक्चर झाली? त्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ प्रार्थना संपल्यावर आले होते. आम्ही त्यांस त्यांच्या सायकलीची आतापर्यंतची संख्या विचारली. ते बोटांवर मोजू लागले, तो घंटा झाली.